बागेतली एटीव्ही चढावर प्रचंड तापते, पाय भाजतो, सायलेन्सरची हीट कमी कशी करायची?

कातळसडा

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, निम्मी कलमं वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि निम्मी खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला उतारावर. खाली पिकअप जात नाही, आधी सगळा माल गडी डोक्यावरून वर आणायचे पण आता गडी मिळत नाहीत आणि मिळाले तरी मे महिन्यात त्या चढावरून क्रेट आणायला कोणी तयार होत नाही. म्हणून एका रिसॉर्टवाल्याकडून सेकंडहँड एटीव्ही (मोटरसायकलसारखं बसून चालवायची चार चाकांची गाडी) घेतली, ५०० सीसी, सिंगल सिलिंडर, कूलंटवाली, कार्ब्युरेटर आहे, बेल्टची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, पुढेमागे कॅरियर. तिच्यामागे दोन चाकी छोटी ट्रॉली बनवून घेतली. फवारणीला पण तीच, मागच्या कॅरियरवर टाकी आणि पंप बांधून.

कामाला गाडी एक नंबर आहे, चढते कुठूनही. पण तापते भयानक. खालून आंब्याचे क्रेट घेऊन वर यायला लागलो की अर्ध्या चढावर टेंपरेचरचा लाल दिवा लागतो, फॅन सारखा चालूच असतो, वर येऊन बंद केली की बाजूच्या बाटलीत कूलंट उकळल्याचा आवाज येतो. आणि उजव्या पायाला इतकी हीट लागते की फुल पँट घालून पण मांडीच्या आतल्या बाजूला सहन होत नाही, त्या बाजूचं प्लॅस्टिक पॅनल तर हाताने दाबलं की मऊ लागतं. सीटखाली पण गरम. संध्याकाळी अंधार पडत असताना लोड घेऊन वर आलो तर इंजिनातून बाहेर येतो तो बेंडपाइप लालसर दिसतो, हे नॉर्मल आहे का?

मला जास्त काळजी पायाची नाही, आगीची आहे. मार्च-एप्रिलपासून आमच्याकडे गवत नुसतं बारूद असतं, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सड्यावर वणवा लागतो आणि वर्षानुवर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी जातात. आपल्याच गाडीने आपलीच बाग पेटायला नको.

गावातला मेकॅनिक म्हणतो सायलेन्सरला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळू, हीट बंद. ऑनलाइन तो पट्टा पण मिळतो गुंडाळायचा. गुंडाळू का? की दुसरं काही आधी बघायला पाहिजे? जाणकारांनी सांगा प्लीज, सीझन तोंडावर आहे.

कुडाळ_गॅरेज

दादा, आधी एक सांगतो, अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी अजिबात लावू नका. तिचे बारीक तंतू छातीत जातात आणि कॅन्सर करतात, आणि सायलेन्सरला लावलेली दोरी थरथरून थरथरून सुटतच जाते, वर बसणारा तो भुसा श्वासात घेत राहणार. जुने मेकॅनिक लावायचे, अजून लावतात, पण तुम्ही लावू देऊ नका.

आता गाडीबद्दल. तुम्ही जे लिहिलंय त्यात तीन वेगवेगळे त्रास एकत्र झालेत असं मला वाटतं आणि ते वेगळे केल्याशिवाय काहीही गुंडाळलंत तरी उपयोग नाही. लाल दिवा लागतो आणि कूलंट उकळतं तो रेडिएटरकडचा विषय. पाइप लाल होतो तो पेट्रोल-हवेचा विषय असू शकतो. आणि सीटखाली जी हीट लागते त्यातली बरीचशी बेल्टच्या घरातली पण असते, ती लोकांच्या लक्षातच येत नाही.

रेडिएटरपासून चालू करा कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. रिसॉर्टची गाडी म्हणजे चिखलात लोळवलेली असणार. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो पण फिन्सच्या, म्हणजे बारीक पातळ पात्यांच्या, आत लाल माती सुकून वीट झालेली असते. पुढची जाळी काढा, फॅन काढा, आणि नळाचं साधं पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने सोडा, म्हणजे घाण जशी आत गेली तशीच बाहेर येईल. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने मारू नका, फिन्स आडव्या पडतात आणि मग हवा जायलाच जागा उरत नाही. माती सुटत नसेल तर साबणाचं पाणी मारून तासभर ठेवा आणि परत धुवा, धीर धरून करायचं काम आहे हे.

फॅन चालतो म्हणताय पण तो कुठल्या दिशेला चालतो ते बघितलंत का? डीसी मोटर आहे, दोन वायरी उलट जोडल्या की उलटी फिरते. तो पुढून हवा ओढून इंजिनाकडे टाकायला पाहिजे. उलटा फिरत असेल तर गाडी पुढे जाताना येणाऱ्या हवेशीच मारामारी करत बसतो आणि मधे हवा थांबून राहते. फॅन चालू असताना वहीचा कागद पुढच्या जाळीला लावा, चिकटून राहिला तर बरोबर, उडाला तर उलटा. मी अशा गाड्या बघितल्यात ज्यांची मोटर बदलली आणि कपलर कापून वायरी अंदाजाने जोडल्या.

नंतर कॅप. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नाही, ते आत प्रेशर धरून ठेवतं म्हणून कूलंट १०० ला उकळत नाही. अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर ते साधारण १०६-१०८ अंशाला उकळेल, आणि कॅपने एक बारच्या आसपास प्रेशर धरलं की तोच आकडा १२५ च्या पुढे जातो. कॅपचं रबर कडक झालं की हे सगळं गेलं, गाडी फार गरम नसताना पण बाटलीत बुडबुडे. तुमचा आवाज त्याचाच असण्याची शक्यता आहे. कॅप स्वस्त असते, सरळ बदला, फक्त तेवढ्याच प्रेशरची घ्या, त्यावर आकडा लिहिलेला असतो. आणि गरम गाडीची कॅप कधीही उघडायची नाही, चेहऱ्यावर वाफ येते, हे गड्यांना पण बजावून ठेवा.

कूलंट बदलताना बोअरचं किंवा विहिरीचं पाणी घालू नका, आत क्षार बसतात, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. भरल्यावर पुढची चाकं उंचावर चढवून इंजिन चालू ठेवा, म्हणजे आत अडकलेली हवा वर येऊन निघेल, एअर स्क्रू असेल तर तो सैल करून. हवा राहिली तर सेन्सरजवळ नुसती वाफ असते आणि दिवा कधी पण लागतो.

थंड गाडी, कॅप उघडी, स्टार्ट करून बघा. सतत बारीक बुडबुडे येत राहिले आणि कूलंटला सायलेन्सरसारखा वास आला तर हेडचं पॅकिंग गेलंय, मग वरची मलमपट्टी सोडा, इंजिन उघडावं लागेल. वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं तिथून थेंब येतात का ते पण बघा, येत असतील तर पंपाचं सील गेलं.

पाइप लाल होण्याबद्दल, लोखंड अंधारात साधारण ५०० अंशाच्या पुढे गेलं की मंद लाल दिसायला लागतं. सिंगल सिलिंडर, फुल लोड, चढ, आणि पोर्टजवळचा, म्हणजे इंजिनातून निघतो तिथला, चार बोटं पाइप अंधारात लालसर दिसला तर मी लगेच घाबरणार नाही. पण नुसती उभी गाडी दोन-चार मिनिटं रेसवर ठेवून लाल झाली किंवा दिवसाउजेडी लाल दिसली तर नक्की गडबड आहे. प्लग काढून बघा, पांढराफटक असेल तर मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. लीन असेल तर कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधला रबरी मॅनिफोल्ड वाकवून बघा, जुन्या गाडीत त्याला भेगा जातात आणि तिथून फुकटची हवा आत जाते.

अजून एक, पेट्रोल. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं आणि या गाड्यांच्या मॅन्युअलमधे बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिक्स्चर आपोआप थोडं लीन होतं. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवर थोडंफार सांभाळून घेतात, कार्ब्युरेटर नाही सांभाळत. बाकी सगळं बरोबर असेल आणि तरी प्लग पांढराच येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकावा लागेल. पण ते शेवटी, आधी भेगा शोधा.

घाटवाट४x४

कातळसडा भाऊ, आम्ही मुळशीकडे ग्रुपने अशा गाड्या चालवतो, सगळ्यात सोपा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, आपल्याकडे बर्फ पडतो का, कशाला पाहिजे तो? पाणी सारखं फिरत राहतं, गाडी थंड. आणि पाइपला तो ग्लास फायबरचा पट्टा गुंडाळा, टायटॅनियम नावाने मिळतो तो पण चालेल, मला तर पायाच्या हीटमधे खूप फरक पडला. पट्टा लावताना प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवायचा, स्टीलच्या टायने आवळायचा, हातमोजे घालायचे नाहीतर खाज सुटते. पहिल्यांदा चालू केल्यावर धूर निघतो, घाबरू नका, थोड्या वेळाने थांबतो.

कुडाळ_गॅरेज

भाऊ, तुमच्या गाडीला चाललं असेल, पण थर्मोस्टॅट काढायचा सल्ला मी देणार नाही. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की गाडीला तेवढंच पाणी मिळतं जेवढं रेडिएटर थंड करू शकतो, रेडिएटरच बुजलेला असेल तर थर्मोस्टॅट काढून तो थोडाच मोकळा होणार. दिवा दहा मिनिटं उशिरा लागेल एवढंच. आणि बाकीच्या वेळी, म्हणजे सकाळी फवारणीला हळूहळू फिरताना, इंजिन कधी नीट गरमच होत नाही, पेट्रोल तेलात उतरतं, घासलं जातं. अडकला असेल अशी शंका असली तर काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवा, पाणी उकळायच्या बरंच आधी, साधारण ८०-८५ ला उघडायला लागला पाहिजे. उघडला तर परत बसवा, नाही उघडला तर नवीन टाका.

आणि पट्ट्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे की कोकणात नको. तुमच्याकडे मुळशीला पण पाऊस आहेच, पण तुम्ही हौसेने चालवता आणि धुऊन शेडमधे ठेवता. ही बागेतली गाडी आहे, पावसात गवत काढायला, खत टाकायला जाणार, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि वर समुद्राची खारी हवा. पट्टा ओला होऊन आतल्या आत पाइपला चिकटून राहतो, साधा लोखंडी पाइप असेल तर एक-दोन पावसाळ्यांत चाळण. शिवाय उन्हाळ्यात त्यावर तेल किंवा पेट्रोल सांडलं तर तो शोषून घेतो, आणि वर गवताचे तुसे चिकटले की विचारायलाच नको. ज्याला वणव्याची भीती आहे त्याने पाइपवर कापडासारखी वस्तू बांधूच नये असं मला वाटतं.

घाटवाट४x४

हा गवताचा मुद्दा मी धरला नव्हता, आमच्या रूटला सुकं गवत एवढं नसतं. मान्य. मग पायाच्या हीटला काय करणार त्यांनी?

कुडाळ_गॅरेज

पत्र्याचं शील्ड, मधे हवा ठेवून. लिहितो सविस्तर, पण आधी दादांनी रेडिएटर आणि मॅनिफोल्ड बघून सांगू दे.

बुंडाबर्गकर

नमस्कार, मूळचा रत्नागिरीचा, सध्या ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधे बुंडाबर्गजवळ मॅकाडेमियाच्या बागेत कामाला आहे. इथे एटीव्हीला क्वाड बाइक म्हणतात आणि प्रत्येक शेतावर असतेच. आगीचा विषय निघाला म्हणून लिहितोय, कारण इथे आम्ही त्याबद्दल फार कडक आहोत.

लोकांना वाटतं सायलेन्सरमधून ठिणगी उडते आणि आग लागते. तसं पण होतं, पण जास्त धोका पोटाखाली असतो. या गाड्यांना खाली प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची स्किड प्लेट असते, उंच गवतातून गाडी गेली की तुसे, काड्या, बिया सगळं त्या प्लेटच्या वर जाऊन साचतं, आणि बरोबर तिथूनच पाइप गेलेला असतो. सुकं गवत तीनशे अंशाच्या आसपास पेट घेतं, आणि पोर्टजवळ पाइप त्याच्या बराच वर असतो. चालत्या गाडीत हवा लागते म्हणून काही होत नाही, तुम्ही गाडी थांबवून आंबे उतरवायला जाता आणि मागे ते धुमसायला लागतं. पंखा बंद, हवा बंद, आणि बंद केल्यावर पहिली काही मिनिटं आजूबाजूचे भाग उलट जास्त तापतात.

आमच्याकडे नियम असा आहे की गवतात काम असेल तर दर ब्रेकला गाडीखाली बघायचं आणि ब्लोअरने किंवा हाताने साफ करायचं, ब्रेक नसला तरी पेट्रोलच्या दर टाकीला. स्किड प्लेटचे बोल्ट असे ठेवलेत की एका पान्याने उघडतात. गाडी उभी करायची ती मोकळ्या मातीवर, गवतावर कधीच नाही. आणि गाडीवर पाण्याची पाठीवरची पिचकारी कायम भरलेली. कातळसडा, तुम्ही फवारणीची टाकी वापरताच, मग क्रेट आणताना त्यातली एक छोटी टाकी साध्या पाण्याने भरून ठेवा, हँडगनसकट, वजन थोडं वाढेल पण बागेत हाताशी पाणी असणं ही मोठी गोष्ट आहे.

सायलेन्सरच्या शेवटी बहुतेक गाड्यांना ठिणगी अडवणारी जाळी असते, स्पार्क अरेस्टर. रिसॉर्टवाल्यांनी आवाजासाठी काढून टाकली नाहीये ना ते बघा. आणि असेल तर ती कार्बनने भरलेली असणार, मॅन्युअलमधे साधारण दर १०० तासांनी साफ करा असं असतं, करत कोणी नाही. ती बुजली की धूर बाहेर पडायला जागा नाही, गाडी दमते आणि सगळी हीट तुमच्या पायाकडे थांबते. थंड असताना काढून वायर ब्रशने घासा.

या विषयात हलगर्जी किती महागात पडते ते कंपन्यांना पण कळलंय. अमेरिकेत २०१६ च्या एप्रिलमधे पोलारिस कंपनीला आरझेडआर ९०० आणि १००० या गाड्या, सुमारे १,३३,०००, आगीच्या धोक्यामुळे परत बोलवाव्या लागल्या होत्या, दीडशेच्या वर आगी नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यात एका १५ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्या शेजारी-शेजारी बसायच्या, स्टिअरिंगवाल्या साइड बाय साइड गाड्या, तुमच्यासारख्या नाहीत, पण हीट आणि आग हा विषय किरकोळ नाही हे सांगायला लिहिलं.

विषयाला धरून नाही तरी राहवत नाही म्हणून, उतारावर लोड घेऊन एटीव्ही चालवताय, उलटण्याची काळजी घ्या. इथे ११ ऑक्टोबर २०२१ पासून नवीन क्वाड बाइकला मागे आधाराची लोखंडी कमान असल्याशिवाय विकताच येत नाही, इतके शेतकरी गाडीखाली सापडून गेलेत. मागच्या कॅरियरवर फवारणीची भरलेली मोठी टाकी आणि मागे ट्रॉली असं दोन्ही एकदम घेऊन चढ चढू नका. हेल्मेट घाला.

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी आणि माझा भाचा, आम्ही दोघांनी मिळून गाडी खोलली, आता रिपोर्ट देतो.

कुडाळ दादा, कागद उडाला. फॅन उलटाच फिरत होता! वायरी कापून टेप मारलेली होती, तुम्ही म्हणालात अगदी तसंच. सरळ केल्या, आता कागद चिकटतो. रेडिएटरमधून इतकी माती निघाली की खालचं अंगण लाल झालं, दोनदा साबण लावावा लागला. कॅपचं रबर दगडासारखं होतं, नवीन मागवली. कूलंट म्हणून आत जे होतं ते तांबडं पाणी होतं नुसतं. बुडबुडे नाहीत, पंपाखाली थेंब नाही, देवाची कृपा. प्लग पांढरा होता आणि मॅनिफोल्डला खालच्या बाजूने भेग आहे, वरून दिसत नव्हती, आरसा धरून बघितली. नवीन येईपर्यंत गाडी उभी.

बुंडाबर्गकर, स्किड प्लेट काढली तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच झालो. वरती गवताची गादी झाली होती, मधे मधे काळी पडलेली. पाइपला लागून. हे पेटलं नाही हे आमचं नशीब. आता प्लेटचे बोल्ट बदलून सगळे एका मापाचे केले आणि गड्यांना सांगितलं की दर खेपेला वर आल्यावर खाली वाकून बघायचं. आमचे नेपाळी गडी आहेत, ते या बाबतीत माझ्यापेक्षा जागरूक, त्यांनी लगेच एका काठीला आकडा करून ठेवला, प्लेट न काढता गवत ओढता येतं. बागेच्या गडग्याला लागून आम्ही गवत काढून पट्टा ठेवतोच, आता गाडी जाते त्या वाटेवरचं पण दोन्ही बाजूंनी काढून घेतलं.

राहिला पायाचा विषय आणि बेल्टचा. शील्ड कसं करायचं ते सांगा ना. आणि चढाला मी हाय गिअरमधेच चढतो, लो टाकला तर आवाज फार होतो आणि वाटतं इंजिनावर ताण येतोय.

कुडाळ_गॅरेज

दादा, उलटं आहे. आवाज होऊ दे, लोच टाका. बेल्टच्या गाडीत हाय टाकून लोडवर हळू चढलात की बेल्ट पुलीवर घसरत राहतो, नीट पकडत नाही, आणि ती सगळी घसरण म्हणजे हीट. ती हीट बेल्टच्या घरातून तुमच्या पायाकडे आणि सीटकडे येते. साधा हिशोब, ताशी १०-११ किलोमीटरच्या खाली चालायचं असेल, किंवा ट्रॉली लावली असेल, किंवा चढ असेल तर लो. इंजिनाचे आरपीएम वाढले की वॉटर पंप पण जोरात फिरतो, म्हणजे थंड व्हायला मदतच. बेल्टच्या घराला हवा आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन नळ्या असतात, आतली नळी बहुतेक पुढे हँडलजवळ जाते, त्यात कुंभारणीने घर केलंय का बघा, खरंच सांगतो, आमच्याकडे आलेल्या गाडीत निघालंय. झाकण उघडून बेल्टची बाजू बघा, काचेसारखी चकचकीत झाली असेल तर बदलायला आलाय.

कातळावर कोरडं असताना फोर बाय फोर काढून टाका, चाकं घसरतच नाहीत तिथे चारही ओढायला लावून नुसता ताण वाढतो. उताराला जिथे माती भुसभुशीत आहे तिथेच टाका. ब्रेक चिकटत नाहीत ना ते पण चाक उचलून हाताने फिरवून बघा, मातीत पिस्टन जाम झालेले असतात आणि गाडी ब्रेक लावूनच चढत असते.

आता शील्ड. हीट पायापर्यंत दोन वाटांनी येते, एक पाइपमधून सरळ फेकली जाणारी झळ आणि दुसरी फॅनने मागे टाकलेली गरम हवा. झळेसाठी मधे एक पत्रा पुरतो, पण तो पाइपला टेकलेला नको, मधे अर्धा ते पाऊण इंच मोकळी हवा पाहिजे आणि वरखाली दोन्हीकडून उघडा पाहिजे म्हणजे गरम हवा वर निघून जाते. इंजिनाला लागून पहिला जो फूटभर पाइप आहे तिथे स्टीलचाच पत्रा घ्या, स्टेनलेस असेल तर उत्तम. अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून तो मागे सायलेन्सरच्या डब्यावर वापरा. पकडायला मोठ्या जुबली क्लिपा (पाइपभोवती स्क्रूने आवळायच्या पट्ट्या) मिळतात स्टेनलेसच्या, त्यांच्याखाली छोटे उभे तुकडे वेल्ड करून त्यावर पत्रा स्क्रूने बसवा. पत्र्याची धार पायाच्या बाजूला असेल तर दुमडून घ्या, नाहीतर भाजायचं वाचेल आणि कापेल.

दुसरा थर प्लॅस्टिक पॅनलच्या आतल्या बाजूला. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि मागे ग्लास फायबर असलेली चिकटणारी शीट मिळते, ती लावा. पॅनल आधी थिनरने नाही, साध्या स्पिरिटने पुसून पूर्ण सुकवा, नाहीतर चिकटत नाही. ही शीट पाइपवर लावायची नाही, फक्त पॅनलला आणि पेट्रोलच्या टाकीच्या खालच्या बाजूला. पेट्रोलची नळी पाइपच्या जवळून जात असेल तर ती आधी लांब बांधा, हे शील्डपेक्षा महत्त्वाचं.

गरम हवेसाठी रेडिएटरच्या चारही बाजूंना जी फट असते ती फोमच्या पट्टीने बंद करा. नाहीतर फॅन मागची गरम हवाच फिरून फिरून परत पुढे ओढतो.

घाटवाट४x४

एक विचारू का, फरक पडला की नाही हे मोजायला ती टेंपरेचर गन वापरता येईल का, कोविडमधे घेतलेली पडून आहे घरी.

कुडाळ_गॅरेज

ती नाही चालणार, ती कपाळासाठी आहे, बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे दाखवत नाही. इंडस्ट्रियल वाली घ्या, ५०० अंशापर्यंत दाखवणारी. आणि चकचकीत स्टेनलेसवर मारलीत तर खोटा कमी आकडा येतो, पाइपवर एक ठिपका हीटप्रूफ काळ्या रंगाचा मारा आणि दर वेळी तिथेच धरा. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाइपचा फरक पण बघता येतो त्याने, दोन्ही सारखेच गरम असतील तर रेडिएटर काम करत नाहीये.

कातळसडा

मॅनिफोल्ड आला, बसवला, प्लगचा रंग आता बदामी येतोय. काल पूर्ण लोड घेऊन लो गिअरमधे वर आणली, लाल दिवा नाही लागला, फॅन मधे मधे बंद होतो हे पहिल्यांदा ऐकलं. वर आल्यावर लगेच बंद न करता थोडा वेळ तशीच चालू ठेवतो. पाइप अंधारात अजून अगदी पोर्टजवळ थोडा लाल दिसतो पण आधीसारखा लांबपर्यंत नाही. बेल्टच्या नळीत कुंभारणीचं घर होतं, दादा! शील्डचा पत्रा उद्या कणकवलीतून आणतोय, दीड मिमी स्टेनलेस मिळतोय तो चालेल का? की पातळ घेऊ?

कुडाळ_गॅरेज

एक मिमी पुष्कळ झाला, दीडचं वजन वाढेल आणि वाकवायला त्रास. स्क्रूखाली रबरी वॉशर घालू नका, जळून जातात आणि पत्रा खडखडायला लागतो, स्टीलचे स्प्रिंग वॉशर घाला. पाइप तापला की लांब होतो म्हणून पत्र्याचं मागचं भोक लांबट ठेवा, घट्ट गोल ठेवलंत तर वेल्ड तडकेल. आणि चार-पाच वेळा गरम थंड झाल्यावर सगळ्या क्लिपा एकदा परत आवळा.

बुंडाबर्गकर

शील्ड आणि पाइपच्या मधल्या जागेत पण गवत अडकतं, तिथे आकडा जाईल एवढी वाट ठेवा.